वाट उघडी आहे काय?

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याचा जन्म येथला. परंतु चौथ्या वर्षापासून तो आईबापांबरोबर स्वित्झर्लंडांत राहतो. तिकडची उन्हाळ्याची सुटी जुलै महिन्यांत असते, तेव्हां तो आपल्या आईबरोबर आजोळीं, म्हणजे आमच्या खारघरच्या घरीं, येतो. त्यामुळें हिंदुस्थान म्हणजे जेथें नित्य पाऊस पडतो असा देश, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. मराठी तो शुद्ध बोलतो, कारण त्याच्या आईचा तसा कटाक्ष आहे. मात्र बोलण्यांत आडपडदा ठेवण्याची आपली रीत त्यास अद्याप साधलेली नाहीं. जें दिसेल तें विचारावें व जें घडेल तें सांगावें, एवढेंच तो जाणतो. अशा मुलास घेऊन डोंगरावर जाण्यापूर्वीं वडील माणसानें पुरता विचार करावा, हें मला गेल्या वर्षीच्या जुलैंत कळलें.

तो रविवार होता. रात्रभर कोसळून पाऊस पहांटे थांबला होता, आणि आमच्या सज्जांतून दिसणारा डोंगर धुऊन पुसून पुढें आणून ठेवल्यासारखा जवळ भासत होता. खारघरचा हा डोंगर आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यांत त्याच्या काळ्या कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटतात. त्यांत पांडवकड्याची धार सर्वांत मोठी. तिची उंची १०७ मीटर सांगतात. माथ्याकडे फणसवाडी व चाफेवाडी ह्या दोन आदिवासी वाड्या आहेत. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसूं लागली, भातशेतें व मिठागरें जाऊन त्या जागीं उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. आज तर सेंट्रल पार्कच्या बाजूनें मेट्रो धांवते. तरी वाडीवरच्या बाया पावसाळा लागला कीं टाकळा, कुरडू, कंटोळीं असा रानचा भाजीपाला पाटींत घालून अजून खालीं बाजारास येतात. दहाव्या मजल्यावरून डोंगर पाहणारे आम्ही, व डोंगरावरून आमच्या इमारती पाहणारीं तीं माणसें, यांचा एवढाच काय तो संबंध.

न्याहारी करतांना मीं हवामान खात्याचा इशारा वाचला. रायगड जिल्ह्यास त्या दिवशीं पिवळा रंग होता. हिरवा म्हणजे चिंता नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारींत राहा, आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष हालचाल करा. हें सर्व मी वर्गांत शिकवितों. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांपासून पुढें पडला तर मुसळधार, ११५.६ पासून पुढें अति मुसळधार, आणि २०४.४ च्या वर गेला कीं अत्यंत मुसळधार, हे आंकडेही मला पाठ आहेत. तरी त्या सकाळीं मी म्हणालों तें इतकेंच, "लाल नाहीं ना? मग झालें तर!" आणि छत्र्या काढल्या. बहिणीस सांगितलें, "पांडवकड्याच्या बाजूस जाऊन येतों. जेवावयास परत येऊं."

पांडवकड्याच्या रस्त्यावर अडथळे लावलेले होते, व दोघे पोलीस शिपाई रेनकोट घालून उभे होते. पावसाळ्यांत तेथें जाण्यास मनाई करण्यांत येते, आणि तिला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या आरंभीं ह्याच परिसरांत सहलीस आलेल्या चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी पाण्याच्या लोंढ्यांत वाहून गेल्या. शिपायानें आम्हांस हात जोडले व "गुरुजी, मुलाला घेऊन मागें फिरा," एवढेंच म्हटलें. मी शिक्षक असल्याचें त्यानें कशावरून ओळखलें कोण जाणे. बहुधा छत्री धरण्याच्या पद्धतीवरून. भाचा तत्काळ वळला. मी मात्र चार पावलें रेंगाळलों. मनाई ही बेफिकीर लोकांसाठीं असते, आपल्यासारख्या विचारी माणसासाठीं नसते, असें प्रत्येक विचारी माणसास वाटतें; तसें तें मलाही वाटलें.

तसेंच घरीं परतणें जिवावर आलें. वाड्यांकडे एक डांबरी रस्ता वळणें घेत चढतो. परंतु तो लांबचा. त्यास सोडून एक पायवाट ओढ्याच्या कडेनें सरळ वर जाते. त्या पायवाटेवर शिपाई नव्हता, अडथळा नव्हता, पाटीही नव्हती. मी तिकडे वळलों.

"मामा, ही वाट उघडी आहे काय?" भाच्यानें विचारलें.

"उघडी म्हणजे? समोर दिसत नाहीं का?"

"तसें नव्हे. उघडी आहे असें कोणीं सांगितलें?"

"बंद आहे असें तरी कोणीं सांगितलें?" मी म्हणालों, आणि वादांत आपण जिंकलों असें समजून चालूं लागलों.

चढतां चढतां त्यानें आपल्या प्रश्नाचा उलगडा केला. त्यांच्या गांवाजवळ बर्फाचे उतार आहेत. पायांस लांब पट्ट्या बांधून त्या उतारांवरून घसरत यावयाचें, हा तिकडचा हिवाळ्यांतला खेळ. त्यास स्की म्हणतात. वर जाण्यासाठीं तारेवरचे पाळणे असतात. आपल्याला वाटेल, बर्फच तें, जेथें मन मानेल तेथें घसरावें! परंतु प्रत्येक उतार आंखलेला असतो. सोपा तो निळा, मध्यम तो लाल, कठीण तो काळा, अशा रंगांच्या खुणा त्याच्या कडेनें रोंवलेल्या असतात. पाळण्यापाशीं फळा असतो, आणि कोणता उतार उघडा व कोणता बंद हें त्यावर पाहावयास मिळतें. बर्फ कमी असलें, धुकें दाट असलें, हिमलोट सुटण्याचें भय असलें, कीं आडवा दोर बांधून उतार बंद करतात. सायंकाळीं पाळणे थांबले म्हणजे राखणदार मंडळी शेवटची फेरी करीत खालीं येतात. मागें कोणी राहिलें आहे काय, कोणी पडून तर नाहीं ना, हें पाहत येतात. त्यांच्यामागून उतारावर कोणीं जावयाचें नसतें, कारण रात्रीं बर्फ सारखें करणारीं यंत्रें पोलादी दोरास बांधून तेथें चालवितात, आणि ताणलेला तो दोर अंधारांत दिसत नाहीं.

"मग सारें सुरक्षितच म्हणावयाचें," मी म्हणालों.

"खुणांच्या आंत. बाहेर आपलें आपण पाहावयाचें."

आणखीही एक गोष्ट त्यानें सांगितली, ती मीं तेव्हां अर्धवट ऐकली. हिमलोटाच्या भयाचे तेथें पांच अंक ठरविलेले आहेत, व हिवाळ्यांत दररोज त्या दिवसाचा अंक जाहीर होतो. पांचवा सर्वांत भयंकर. परंतु माणसें अधिक दगावतात तीं तिसऱ्या अंकाच्या दिवशीं. पांचव्याच्या दिवशीं कोणी बर्फावर जात नाहीं. आणि तिसऱ्याच्या दिवशीं जो तो म्हणतो, पांच नाहीं ना?

मीं छत्री या हातांतून त्या हातांत घेतली.

निम्म्या चढावर ओढा आडवा आला. पाणी घोट्यास लागेल न लागेल इतकें, आणि असें निवळ कीं तळचे खडे मोजून घ्यावेत. ओढ्यांत पाऊल ठेवण्याजोगे दगड होते. "सात दगड," असें मोठ्यानें मोजून भाचा टुणटुण उड्या मारीत पलीकडे गेला, आणि त्याच्या मागून मी गेलों. अलीकडच्या कांठावर उंबराचें एक झाड होतें. त्याचें मूळ, सापानें मान काढावी तसें, कांठांतून बाहेर आलेलें होतें. तें मीं पाहिलें. परंतु चित्रांतलें झाड पाहावें तसें पाहिलें.

वर गेल्यावर जें सुख मिळालें तें मी नाकारणार नाहीं. गवत कमरेएवढें वाढलें होतें. धुकें अंगावरून जात होतें व त्यास ओल्या मातीचा वास होता. मधून मधून ढग फाटले म्हणजे पनवेलची खाडी, तिच्या कडेची नव्या विमानतळाची लांबच लांब धांवपट्टी, आणि आमच्या इमारतींची आगपेट्यांसारखी रांग दिसे. भाच्यानें एका दगडाखालीं खेकडा शोधून काढला व त्याच्याशीं बराच वेळ परिचय वाढविला. आम्हीं थालिपिठें खाल्लीं. आमच्यावर पाऊस नव्हता. उत्तरेकडील माथ्यावर मात्र निळेंकाळें आभाळ टेंकलें होतें, आणि पडदा सोडावा तशी त्यांतून सर उतरलेली स्पष्ट दिसत होती. ती आपल्यावर पडत नाहीं, तेव्हां ती आपली नव्हे, असें मीं मानलें. भूगोल शिकविणाऱ्या माणसानें असें मानावें याचें आतां हंसूं येतें.

कारण वर्गांत मी काय सांगतों? आपल्या सह्याद्रीच्या ह्या फांट्यांचा खडक बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. त्यावर मातीचा थर पातळ. जूनमध्यें ती माती पाणी पिते. जुलैच्या मध्याला तिची तहान भागलेली असते, आणि मग पडेल तो थेंब वाहूं लागतो. ओढ्याला मिळणारें रान लहान व उतार उभा. म्हणून माथ्यावरच्या सरीचा निरोप खालीं पोंचावयास फार वेळ लागत नाहीं. नदीचें मूळ व ऋषीचें कूळ पाहूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. ऋषींच्या कुळाचें काय असेल तें असो. पावसाळ्यांत डोंगर चढणाऱ्यानें ओढ्याचें मूळ अवश्य पाहावें. तें कोठें आहे, व या घटकेस तेथें काय चाललें आहे, हें ठाऊक नसेल, तर पायाखालच्या निवळ पाण्याकडे पाहून कांहींएक कळत नाहीं.

परततांना ओढा दिसण्यापूर्वींच ऐकूं आला. जातांना त्याची कुजबुज होती. आतां आंतले धोंडे एकमेकांवर आदळल्यासारखा घुमता आवाज येत होता. पाणी चहासारखें तांबूस झालें होतें, व त्यावरून पालापाचोळा व काटक्या बाणासारख्या जात होत्या.

"सात दगड," भाचा म्हणाला, आणि बोटानें मोजूं लागला. एकच दिसत होता. तोही मधून मधून.

पलीकडच्या कांठावर पांच-सहा तरुण उभे होते. आम्हांस पाहून ते ओरडले, "या हो, या! कांहीं होत नाहीं!" एकानें आमचें चित्रण करण्यासाठीं मोबाईलही वर धरला. 'कांहीं होत नाहीं' हे तीन शब्द आपल्या भाषेंत फार स्वस्त झाले आहेत. ते म्हणणारा मनुष्य बहुधा पलीकडच्या कांठावर असतो.

पाणी गुडघ्याखालीं असेल, असा मीं अंदाज बांधला. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम मला ठाऊक होता. वेगानें धांवणारें पाणी वीतभर नसलें, पंधराच सेंटिमीटर असलें, तरी धडधाकट माणसाचे पाय उचलूं शकतें, हेंही मीं वाचलें होतें. परंतु ठाऊक असणें निराळें, आणि रविवारचें जेवण निवत असतांना आठवणें निराळें. भाच्यास मीं कांठावर उभें केलें. प्रथम आपण पाहून यावें, मग त्यास न्यावें, असा बेत करून छत्री टेंकीत मी एकटाच उतरलों.

पहिलें पाऊल पडलें. दुसऱ्या पावलाखालचा दगड फिरला. पाणी एकदम मांडीपर्यंत आलें, डाव्या पायांतील बूट गेला, छत्री गेली, आणि मी अर्धवट बसलों. त्या क्षणीं मला भय वाटलें नाहीं. पलीकडचीं मुलें पाहत आहेत, याची लाज वाटली. भय पुढच्या क्षणीं वाटलें. मागें पाण्यांत पाऊल पडल्याचा आवाज झाला होता. मला धरण्यासाठीं भाचा उतरला होता.

मागें वळून पाहण्याइतकाही तोल मजजवळ नव्हता. त्यास हांक मारावी तर तोंडांतून शब्द निघेना. एवढ्यांत कोणीं तरी खेंकसून म्हटलें, "ए पोरा, मागं हो!" आणि माझ्या खांद्याशीं एक काठी आली. "धर. उलटा फिर, दादा. पाण्याकडं तोंड कर. हळू." त्या काठीच्या आधारानें, खेकड्याप्रमाणें आडवीं पावलें टाकीत, मी बाहेर आलों. दोन हातांचें तें अंतर मला सबंध डोंगराएवढें वाटलें.

ती वाडीवरची म्हातारी होती. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि बाजूस कांठावर ठेवलेली पाटी. तींत कंटोळीं व टाकळ्याच्या जुड्या. आमच्याच मागून ती बाजारास निघाली होती. ओढा पाहतांच तिनें पाटी उतरविली व ती बसावयाच्या बेतांत होती, तोंच आमचा पराक्रम तिच्या दृष्टीस पडला. भाच्याचें मनगट तिनें अद्याप सोडलें नव्हतें. तो भिजलेला होता, ओंठ पांढरे झाले होते. पण प्रश्न त्यास सोडीत नव्हता.

"आजी, वाट बंद आहे हें तुम्हांला कशावरून कळलें?"

तिनें हनुवटीनें पलीकडचा उंबर दाखविला. जातांना सापाप्रमाणें दिसलेलें तें मूळ निम्में बुडालें होतें. "त्या मुळीला पाणी लागलं, की आम्ही उतरत नाय. बाजार गेला तर गेला."

"मग उघडते केव्हां?"

"वरचा पाऊस थांबला की घटकाभरानं. हितं थांबून काय उपेग? वर थांबला पायजे." तिनें उत्तरेकडे पाहिलें. तो पडदा अजून तसाच लोंबत होता. "आज नाय उतरायचं," असें म्हणून ती उठली, तिनें पाटी डोक्यावर घेतली, पलीकडच्या तरुणांस कांठावरून मागें हटावयास हांक मारून सांगितलें, आणि आली तशी परत चढूं लागली. ते तरुण हंसले. परंतु मागें सरले.

डांबरी रस्त्यानें वळसा घालून जावयाचें म्हणजे तिचा केवढा तरी वेळ जाणार होता, व तोंपर्यंत बाजार निम्मा उठला असता. तिचा त्या दिवसाचा सारा व्यवहार त्या पाटींत होता. तरी परत फिरण्यास तिला क्षणही लागला नाहीं, आणि थंड होऊं पाहणाऱ्या जेवणासाठीं मी त्या पाण्यांत उतरलों होतों.

ह्या डोंगरावर असे अडकणारे आम्हीच पहिले नव्हतों. जुलै २०२१ मध्यें ओढ्याला पाणी चढल्यामुळें वर अडकून पडलेल्या ११६ जणांस अग्निशामक दलानें सुखरूप खालीं आणलें; त्यांत ७८ स्त्रिया व ५ मुलें होतीं. जुलै २०२४ मध्यें शेजारच्या बेलापूरच्या डोंगरावर सुमारें साठ जणांवर असाच प्रसंग आला, व त्यांचीही सुटका झाली. त्याच सालीं ३० जून रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या पाठीमागील प्रवाहांत मात्र एकाच कुटुंबांतील पांच जण गेले. त्यांत लहान मुलें होतीं. ह्यांतील कोणीही पूर पाहून पुरांत उतरलें नाहीं. जातांना वाट उघडी होती. मिटली ती परतीची. आमच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत अनेकदां सांगण्यांत येतो. पाऊस पडला, पूर आले, आणि तें घर कोसळलें. त्या मनुष्यानें घर बांधलें त्या दिवशीं आभाळ निरभ्र असलें पाहिजे, हें इतक्या वर्षांत माझ्या लक्षांत आलें नव्हतें.

पुढें डिसेंबरांत शाळेची सहल कर्नाळ्यास नेण्याचें ठरलें. मुंबई-गोवा रस्त्यावरील हें पक्ष्यांचें अभयारण्य १९६८ पासूनचें आहे, आणि त्याच्या मध्यभागीं किल्ल्याचा तो प्रसिद्ध सुळका आहे. मुलांनीं आल्याबरोबर विचारलें, "सर, किल्ल्यावर किती वाजतां पोंचूं?" मीं फळ्यावर प्रथम फाटकाशीं परत येण्याची वेळ लिहिली, मग खालून वर हिशेब केला. उतरावयास कमी वेळ लागतो असें मुलें म्हणालीं. थकलेल्या पायांस व गर्दीस कमी लागत नाहीं, असें सांगून मीं तोही तितकाच धरला. त्यावरून ठरलेली घटका आली तेव्हां आमची शेवटची तुकडी माथ्यापासून थोडीच खालीं होती. ती तेथूनच फिरली, आणि तीं मुलें दोन दिवस माझ्याशीं बोललीं नाहींत. रांगेच्या शेवटीं मी होतों. परंतु हें पुढचें.

त्या रविवारीं आम्ही म्हातारीच्या मागून वाडीपर्यंत परत चढलों व डांबरी रस्त्यास लागलों. पाऊस आतां आमच्यावरही कोसळूं लागला होता. माझ्या एका पायांत बूट व दुसऱ्यास तिनें दिलेलें गोणपाटाचें फडकें गुंडाळलेलें, असा थाट होता. उतार लागला तेव्हां भाचा थांबला व म्हणाला, "मी शेवटीं चालतों. तिकडे राखणदार शेवटीं येतो." म्हातारीस तिकडचें कांहीं ठाऊक नव्हतें. तिनें त्याच्या पाठीवर हात ठेवून त्यास पुढें घातलें, मला त्याच्या मागें घातलें, व आपण शेवटीं राहिली.

एका वळणावर मोबाईलला जीव आला व तो एकसारखा वाजूं लागला. बहिणीचा आवाज होता. "कोठें आहां तुम्ही? मी पांडवकड्यापाशीं उभी आहें. शिपाई म्हणतात, तुम्हांला सकाळीं दहालाच परत पाठविलें. मग गेलां कोठें?"

मीं सांगितलें.

बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. पावसाचा आवाज तिच्याकडूनही येत होता. मला त्या वेळीं सुचलें तें असें, कीं आमचें कांहीं बरेंवाईट झालें असतें तर लोकांनीं आम्हांस पांडवकड्यास शोधलें असतें, जेथें आम्ही नव्हतों. आणि त्या शिपायानें तर शपथेवर सांगितलें असतें कीं, दोघेही घरीं गेले. त्यानें आपलें काम केलें होतें. ज्या ओढ्यांत मी उतरलों त्याचें नांव तिला ठाऊक नव्हतें, मलाही नव्हतें. अजूनही नाहीं.

खालीं आल्यावर मीं म्हातारीचीं सर्व कंटोळीं विकत घेतलीं. तिनें बाजारभावानें हिशेब केला, उरलेले पैसे मोजून परत दिले, आणि टाकळ्याच्या जुड्या घेऊन ती बाजाराकडे निघून गेली. फडकें परत मागितलें नाहीं.

रात्रीं जेवतांना भाच्यानें आईस सर्व हकीकत सांगितली. आम्हां मोठ्या माणसांच्या तोंडून अशी गोष्ट निघाली म्हणजे पाणी वाढत जातें व चुका कमी होत जातात. त्यानें तसें कांहीं केलें नाहीं. दगड सातच ठेवले. पाणी माझ्या मांडीपर्यंत होतें, तें त्यानें गळ्यापर्यंत नेलें नाहीं. आपण पाण्यांत पाऊल टाकलें हेंही सांगितलें; तेव्हां बहिणीचा घांस हातांत राहिला, व तिनें माझ्याकडे पाहिलें. पोलिसानें हात जोडले तें, मीं पायवाटेवर दिलेलें उत्तर, पिवळा रंग, उंबराचें मूळ, एकही गोष्ट गळली नाहीं. शेवटीं तो म्हणाला, "वाट बंद होती. मामांना तें उशिरा कळलें."

मीं कंटोळ्यांची भाजी आणखी वाढून घेतली. त्याच्या वाक्यांत दुरुस्त करण्यासारखें कांहीं नव्हतें.